बिनकरंजीचं सारण

स्टफिंगचं सरळ मराठी भाषांतर करायचं तर सारण. आता सारण म्हटलं की आपल्याला करंजी आठवते, मोदक आठवतात, फार तर भरली वांगी. म्हणजे सारण हे कशाच्या तरी पोटात असतं हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पण इथे अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात, स्टफिंग म्हणून जे ताटात पडतं ते बरेचदा कशाच्याही पोटात नसतं. पावाचे तुकडे, कांदा, सेलेरी (सॅलरी नव्हे, भाजी), सफरचंद, लोणी हे सगळं एका ट्रेमध्ये कालवून ओव्हनमध्ये भाजलेलं. करंजीचा पत्ताच नाही, नुसतं सारण!

मुळात ते टर्कीच्या पोटातच भरायचे, आणि भरणारे अजूनही भरतात. पण त्यात एक लोचा आहे. पक्षी भाजताना त्याचा कच्चा रस आतल्या पावात झिरपतो. त्यामुळे सारणाच्या अगदी मधोमध तापमान १६५ फॅरनहाइट (आपलं ७४ सेल्सियस) झाल्याशिवाय ते खाऊ नका असं इथलं कृषी खातं बजावून सांगतं. आणि सारण मध्यापर्यंत तेवढं तापेस्तोवर बाहेरच्या टर्कीचं वाळवंट झालेलं असतं. दोन मोड्यूल्स एकमेकांना नको इतकी चिकटलेली असली की जे होतं तेच. म्हणून बऱ्याच लोकांनी सारण सरळ वेगळ्या ट्रेमध्ये काढलं. दक्षिणेकडच्या राज्यांत त्याला ड्रेसिंग म्हणतात आणि मक्याच्या ब्रेडचं करतात. आमच्या बॉस्टनच्या बाजूला मात्र ट्रेमधलं असलं तरी ते स्टफिंगच. नावावरून भांडणारे लोक दरवर्षी भांडतात. भांडोत बापडे. ज्याला टर्की खायचीच नाही त्याच्या दृष्टीने ही फारकत फार सोयीची झाली एवढं खरं.

आणि टर्की न खाणारे आमच्या टीममध्ये निम्म्याहून जास्त होते.

मी या कंपनीत लागलो २०१६ साली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात टीमचं पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. टीममध्ये एक टेस्टर होते. तेव्हा पन्नाशी उलटलेले, उंच, हिवाळाभर एकच निळा स्वेटर. आम्ही देशी मंडळी आपसात त्यांना काका म्हणायचो आणि हे त्यांना माहीत होतं (अर्थ विचारून घेतला होता, टेस्टरच तो!). त्या वर्षी काकांनी स्टफिंग आणलं ते चिकनच्या स्टॉकमधलं, सॉसेज घातलेलं. निम्मी टीम त्या दिवशी डिनर रोल, मॅश्ड पोटॅटो आणि क्रॅनबेरी सॉसवर जेवली. कोणी तक्रार केली नाही. आपल्याला सवय असते.

पुढच्या वर्षी काका दोन ट्रे घेऊन आले. दुसऱ्या ट्रेवर मास्किंग टेप चिकटवून मार्करने लिहिलं होतं, "पक्षी नाही, अंडं नाही". आणि त्याच्या शेजारी फॉइल लावलेला एक छोटासा बाऊल. त्यावर, "कांदा नाही, लसूण नाही". आमच्यात एक जैन मुलगी होती. तिने वर्षभरात कधीतरी कँटीनमध्ये सँडविचमधला कांदा काढून बाजूला ठेवला असेल, तेवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. कोणाला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. त्यांच्या भाषेत याला एज केस म्हणतात. तेव्हापासून २०२० आणि २०२१ सोडलं (तेव्हा पॉटलकच झालं नाही) तर दोन ट्रे आणि एक बाऊल हा नेम कधी चुकला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीने माणसं कमी केली. आमच्या टीममधली चार, त्यात काका. सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि दुपारी चॅटमध्ये नाव करडं. कारण सांगण्यात आलं ते असं, की हाताने करायच्या टेस्ट्स आता बऱ्याचशा ऑटोमेट झाल्या आहेत. ते खरंच होतं. ते ऑटोमेशन मी आणि आणखी दोघांनी दीड वर्ष खपून लिहिलं होतं, काकांच्याच टेस्ट केसेसवरून. ते आम्हाला शेजारी बसवून सांगायचे, इथे रिकामं टाकून बघा, इथे २९ फेब्रुवारी टाकून बघा, इथे नावात अपॉस्ट्रॉफी घालून बघा. मला दिलेलं काम होतं, ते चांगलं झालं, पुन्हा करायला दिलं तरी मी तसंच करीन. चुकलं असं त्यात काहीच नाही. आणि म्हणूनच काकांना फोन करायचा तर काय बोलायचं ते सुचत नव्हतं. माफी मागण्यासारखं काही असतं तर निदान सुरुवात तरी करता आली असती.

त्यांचं वय ६१. मेडिकेअर, म्हणजे वयस्कांचा सरकारी आरोग्यविमा, मिळतो ६५ व्या वर्षी. मधली चार वर्षं आपापली बघायची. आम्हा एचवनबीवाल्यांना नोकरी गेली की ६० दिवसांचं घड्याळ टिकटिकायला लागतं, त्यामुळे जगातली सगळी भीती आपल्याच वाट्याला आली आहे असं आम्हाला उगाच वाटत असतं. असो.

नोव्हेंबर लागला तशी पॉटलकची शीट फिरली. कोणीतरी मागच्या वर्षीचीच शीट कॉपी करून त्यातली नावं पुसली होती. डावीकडे पदार्थ, उजवीकडे नाव भरायचं. पेपर प्लेट्स पहिल्या तासात गेल्या (बॅचलर मंडळी दबा धरून बसलेली असतात). पाय गेले, मॅश्ड पोटॅटो गेले. "स्टफिंग" ही ओळ मात्र आठवडा झाला तरी रिकामी. कोणी डिलीटही करेना, कोणी नावही घालेना. रोज सकाळी मी ती शीट उघडून बघत होतो आणि माझी खात्री आहे, बाकीचेही बघत असणार. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी मी माझं नाव टाकलं आणि शनिवारी सकाळी काकांना फोन लावला.

"स्टफिंग कसं करायचं?" एवढंच विचारलं.

पलीकडे तीन-चार सेकंद शांतता. मग, "किती माणसं?"

"बारा."

"त्यातले पक्षी न खाणारे?"

"सात."

"आणि बाऊल?"

"एक. ती आहे अजून."

"बरं, लिहून घे."

(इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, हे मला माहीत आहे. पण काकांशी बोलताना मी मनातल्या मनात "तुम्ही"च म्हणत असतो, आणि ते मला "तू".)

तो फोन पन्नास मिनिटं चालला. महिन्याभरात ऑफिसातून आलेला पहिलाच फोन, असं ते मध्येच म्हणाले. अगदी सहज, ओव्हनचं तापमान सांगता सांगता.

तर कृती. एका नऊ बाय तेरा इंची ट्रेला दीड पौंड पाव, म्हणजे पाऊण किलोला थोडा कमी. सँडविचचा कापसासारखा ब्रेड नको, जरा दम असलेला साधा पांढरा लोफ. त्याचे हाताने तोडून पाऊण इंचाचे तुकडे करायचे. सुरीने कापले तर दिसतात छान, पण तोडलेल्या तुकड्यांच्या खडबडीत कडा जास्त कुरकुरीत होतात. मग ओव्हनमध्ये २५० फॅरनहाइटला (१२० सेल्सियस) पाऊण-एक तास, मध्ये दोनदा हलवून, पार कडक होईपर्यंत. आपले इराण्याकडचे टोस्ट असतात ना, तितके कडक.

"शिळा पाव नाही का चालणार?" मी विचारलं. शिळ्या पोळीचा कुस्करा खाऊन मोठा झालेला माणूस हे विचारणारच.

इथे काकांनी मला थांबवलं. शिळा आणि वाळलेला यात फरक आहे, म्हणाले. आणि तो खरंच आहे. पाव शिळा होतो तो काही नुसतं पाणी उडून गेल्यामुळे नाही. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन सैल झालेला असतो, तो गार झाल्यावर हळूहळू पुन्हा आवळून, रांगेत बसून घट्ट होतो. पाणी बरंचसं आतच असतं, म्हणून शिळी पोळी तव्यावर टाकली की परत थोडा वेळ मऊ होते. ओव्हनमध्ये वाळवलेल्या पावातलं पाणी मात्र खरोखर गेलेलं असतं. तो पाव मग स्टॉक ओढून घेतो आणि तरी त्याचा लगदा होत नाही. कुस्कऱ्याला शिळी पोळी लागते कारण तिथे आपल्याला मोकळी हवी असते, तिला भरपूर काही प्यायचं नसतं. इथे पावाला तीन-चार कप रस प्यायचा आहे. रिक्वायरमेंटच वेगळी.

कांदे दोन मोठे, सेलेरीचे चार दांडे, लोणी एक कांडी (११३ ग्रॅम, होय, सगळं). मंद आचेवर कांदा पारदर्शक आणि अगदी मऊ होईपर्यंत परतायचा, पण तांबूस होऊ द्यायचा नाही. मराठी हाताला हे फार अवघड जातं. आपण वाटणासाठी कांदा परततो तो लालसर झाल्याशिवाय आपल्याला उलथनं खाली ठेवताच येत नाही. पण इथे कांद्याचं काम गोडवा आणि ओल देण्याचं आहे, तांबूसपणा नंतर वरच्या पावाला येणार असतो. मीठ सुरुवातीलाच घालायचं म्हणजे कांदा पाणी सोडतो आणि करपत नाही.

सफरचंदं दोन, आणि जात बघून घ्यायची. मॅकिंटॉश नको, ते शिजलं की विरघळून त्याचा सॉस होतो. कोर्टलँड किंवा हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ, सालासकट बारीक चिरून, कांदा झाल्यावर शेवटची पाच मिनिटं. त्यात मूठभर सुकवलेल्या क्रॅनबेरी. ही इथली मूळची फळं. आमच्याकडून दक्षिणेला तासाभरावर त्यांची शेतं आहेत. ऑक्टोबरात शेतात पाणी सोडून झुडपं हलवतात. फळांच्या पोटात हवेचे कप्पे असल्यामुळे ती वर तरंगतात आणि अख्खं शेत लाल होतं. एकदा तरी जाऊन बघाच. ताजं फळ तोंडात टाकलंत तर मात्र कैरी गोड वाटेल, म्हणून सुकवताना त्यात साखर घालतात.

मग सेज. या पानाला आपल्या स्वयंपाकघरात जोडीदार नाही. तुळशीच्याच कुळातलं, पण वासात थोडा कापूर, थोडी वाळलेल्या गवताची छटा. थँक्सगिव्हिंगचा वास म्हणून इथल्या लोकांच्या डोक्यात जे असतं ते बरंचसं सेज आणि लोण्यात शिजणारा कांदा एवढंच असतं. न्यू इंग्लंडात बऱ्याच घरी टर्कीचं चित्र असलेली बेल्स सीझनिंगची पेटी असते. हा मसाला १८६७ पासूनचा, म्हणजे आपल्या भाषेत "अमुक यांचा गोडा मसाला"च. काकांकडेही तीच पेटी. सेज, थाइम, मार्जोरम, रोझमेरी असं सगळं त्यात वाटलेलं असतं. बेताने घालायचं, नाहीतर कफाच्या औषधाची आठवण होते.

आता खरी मेख स्टॉक किती घालायचा यात आहे. "पाव पिईल तेवढा," काका म्हणाले. मी म्हटलं, ही काही स्पेसिफिकेशन नाही झाली. तेव्हा त्यांनी मला टेस्ट केस दिली. पाव, कांदा, फळं सगळं मोठ्या पातेल्यात एकत्र करायचं, गरम स्टॉक कप-कप करून घालायचा, दरवेळी हलवून दहा मिनिटं थांबायचं. मग मूठभर घेऊन दाबायचं. सुटून पडलं तर अजून एक कप. बोटांतून पाणी गळलं तर थांबायला हवं होतं. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर तुटला, तर पास.

मुटका हा शब्द अर्थात माझा. पण हाताला कळलं. कोथिंबीर वडीचं पीठ, मुठिये, कोबीच्या वड्या, आपल्या आया हेच तर करून बघतात.

अंडं घालायचं नसेल तर सारण थोडं सुटं राहतं. त्यावर त्यांचा उपाय असा, की अर्धा कप स्टॉक जास्त घालून ओव्हनमध्ये टाकण्याआधी वीस मिनिटं झाकून ठेवायचं, पावाचा स्टार्चच मग थोडा चिकटपणा देतो. शाकाहारी ट्रेचा स्टॉक घरी करायचा, गाजर, सेलेरीची टोकं, कांद्याची सालं आणि मूठभर सुकी मश्रूम्स. बाऊलसाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, आणि त्यातला स्टॉकही वेगळा, कारण त्यात कांदा, गाजर दोन्ही चालत नाही. कांद्याच्या जागी सेलेरी आणि सफरचंद दुप्पट. "आणि बाऊल आधी कर," काका म्हणाले. "शेवटी केलास तर कुठला तरी कांद्याचा चमचा त्यात जाणारच."

बाजारात याचं पाकीट मिळतं, पाच मिनिटांत तयार होणारं. जनरल फूड्स कंपनीने ते १९७२ साली आणलं. त्या कंपनीतल्या होम इकॉनॉमिस्ट रूथ सीम्स यांनी ते जमवलं, आणि सगळी गंमत पावाचा तुकडा नेमका किती मोठा ठेवायचा यात होती. फार लहान केला तर चिखल, फार मोठा केला तर आत रस जात नाही. त्याचं पेटंट आहे, १९७५ चं. एका तुकड्याच्या आकारावर इतका विचार करणाऱ्या बाईंबद्दल मला फार आदर वाटतो. पाकिटाबद्दल तितका नाही.

रविवारी आईचा फोन आला तेव्हा मी पाव तोडत बसलो होतो. काय करतोयस विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"म्हणजे पावाचा उपमा."

"तसंच काहीसं."

"मग त्यात सफरचंद कशाला?"

मी म्हटलं, अगं, तू नाही का भोपळ्याच्या भरतात केळं घालायची? त्यावर, ते वेगळं, असं म्हणून तिने विषय संपवला. बायकोचं म्हणणं एक तरी हिरवी मिरची हवी, दोन्ही ट्रेमध्ये नको, निदान एका कोपऱ्यात. तो कोपरा कुठला हे कसं लक्षात ठेवणार यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी मिरची घातली नाही. हा पदार्थ सौम्यच असायला हवा, असं माझं मत आहे. शेजारच्या आंबटगोड सॉसला आणि ग्रेव्हीला ज्याच्यावर पडायचं आहे ते काहीतरी ताटात लागतं. वरणाला भात लागतो तसं.

बुधवारी रात्री सगळं जुळवलं. आधी बाऊल. मग शाकाहारी ट्रे. मग सॉसेज, चिकन स्टॉक आणि दोन अंड्यांचा ट्रे. ३५० फॅरनहाइटला (साधारण १७५ सेल्सियस) अर्धा तास फॉइल लावून, मग फॉइल काढून वीस-पंचवीस मिनिटं, वरचे तुकडे सोनेरी होईपर्यंत. मधोमध थर्मामीटर खुपसून १६५. घरभर तो सेजचा आणि लोण्याचा वास. रात्री साडेअकराला मी मास्किंग टेप शोधत होतो.

२१ नोव्हेंबरला, गुरुवारी, पॉटलक झालं. दोन्ही ट्रे संपले. मॅनेजरने दुसऱ्यांदा वाढून घेताना विचारलं, रेसिपी कोणाची? मी सांगितलं. टेबलाशी एकदम शांत झालं, आणि मग कोणीतरी पायचं काहीतरी विचारलं. त्या जैन मुलीने बाऊलवरचं फॉइल उचललं, टेपवर लिहिलेलं वाचलं, आणि फॉइल परत लावून फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेली. काचेतून दिसत होती. बराच वेळ बोलत होती. कोणाशी ते मला दोन दिवसांनी कळलं.

दोन दिवसांनी म्हणजे शनिवारी मी काकांकडे गेलो. घरच्यासाठी म्हणून एक छोटा ट्रे वेगळा काढून ठेवला होता, तो घेऊन. त्यांचं घर वूस्टरच्या बाजूला, पाऊण तासावर. त्यांनी मायक्रोवेव्हला हात लावू दिला नाही, ओव्हनमध्येच गरम केलं. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला विम्याचे कागद होते, ते त्यांनी उचलून फ्रिजवर ठेवले. मग उभ्याउभ्याच एक घास खाल्ला. मी रिव्ह्यूला बसल्यासारखा बसलो.

"सेलेरी जाड चिरतोस तू," म्हणाले. "पण मूठ बरोबर जमली आहे."

मग आम्ही दोघांनी बसून खाल्लं. त्यांनी टीममधल्या एकेकाची चौकशी केली. कोणाचं ग्रीन कार्ड, कोणाची मुलगी, कोणाचं पाठीचं दुखणं. कंपनीबद्दल अवाक्षर नाही. निघायच्या आधी मात्र त्यांना राहवलं नाही.

"तो अपॉस्ट्रॉफीचा बग?"

"ओपन आहे."

"प्रायॉरिटी?"

"लो."

काकांनी मान डोलावली आणि चमच्याने ट्रेचा कोपरा खरवडायला घेतला. तिथला पाव सगळ्यात कुरकुरीत असतो.